पियानोच्या विद्यार्थ्याने काय वाजवावे?

पियानो शिकवताना हाताची ठेवण किंवा स्वरलिपीचे वाचन यांपेक्षाही अवघड प्रश्न शिक्षकापुढे असतो, तो म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती कोणती रचना द्यावी हा. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण मुख्यतः लिहून ठेवलेल्या रचनांच्या आधारे होत असल्यामुळे, ज्या रचनांच्या सहवासात पहिली वर्षे जातात त्यांच्यावरच विद्यार्थ्याचा कान आणि अभिरुची घडते. वादकाने आत्मसात केलेल्या रचनांच्या अशा संचयाला रेपर्टरी म्हणतात. तो निवडताना एक तत्त्व सदैव ध्यानात ठेवले पाहिजे, ते असे की रचना सोपी असली तरी ती क्षुल्लक असता कामा नये. आणि हे साधता येते, हे थोर रचनाकारांनी स्वतःच्या मुलांसाठी लिहिलेल्या संगीतातून दाखवून दिले आहे.

योहान सेबास्टियन बाख यांनी १७२० साली आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान नऊ वर्षांचा असताना त्याच्या शिक्षणासाठी एक वही सुरू केली. तिच्यात आलेल्या काही रचनांना त्यांनी १७२३ साली अंतिम रूप दिले. त्यांतील दोन स्वतंत्र सुरावटींच्या पंधरा रचना आज इन्व्हेन्शन या नावाने ओळखल्या जातात. पहिल्या इन्व्हेन्शनमध्ये उजवा हात ‘सा रे ग म रे ग सा प’ एवढीच स्वराकृती मांडतो आणि ती संपताच डावा हात खालच्या सप्तकात तिचा जसाच्या तसा उच्चार करतो. पुढे तीच आकृती पंचमावरून सुरू होते, मग उलटी होऊन खाली उतरते, आणि अशा रीतीने आठ स्वरांच्या बीजातून सबंध रचना उभी राहते. महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेल्या पेटीवर एक हात बहुधा भात्यात गुंतलेला असतो. त्यामुळे पेटीकडून पियानोकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही हातांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बोलणे हीच खरी कसोटी वाटते, आणि त्या कसोटीसाठी या रचनांसारखे दुसरे साधन नाही.

रॉबर्ट शूमान यांनी १८४८ साली थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने काही छोट्या रचना लिहिल्या आणि त्यांतून ४३ रचनांचा ‘बालांसाठी अल्बम’ हा संग्रह सिद्ध झाला. त्यातील कामावरून परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याच्या रचनेत मुख्य सुरावट डाव्या हाताकडे असते, तर उजवा हात हलकी साथ करतो; त्यामुळे डाव्या हाताला गाते करणे आणि साथीचा आवाज जाणीवपूर्वक खाली ठेवणे या दोन्ही गोष्टी विद्यार्थी एकदमच शिकतो. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि स्वर उमटताच तो विरू लागतो. म्हणून सलग गाण्याचा आभास निर्माण करणे ही पियानोवादनातील मोठी कला आहे, आणि तिची सुरुवात अशाच छोट्या रचनांपासून होते.

हंगेरीचे बेला बार्टोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात ‘मिक्रोकॉसमॉस’ हा सहा भागांचा, १५३ रचनांचा संग्रह लिहिला आणि त्याचे पहिले दोन भाग मुलगा पेटर याला अर्पण केले. प्रारंभी दोन्ही हात वेगवेगळ्या सप्तकांत एकच सुरावट वाजवतात, तर अखेरच्या सहा नृत्यांत बल्गेरियन लोकसंगीतातील विषम लयी येतात. त्यांपैकी एका नृत्यातील सात मात्रांची विभागणी दोन-दोन-तीन अशी असून, तीन-दोन-दोन अशा विभागांचा रूपक ताल ज्यांच्या कानांत बसला आहे अशा मराठी विद्यार्थ्यांना ती, लय बरीच द्रुत असली तरी, परकी वाटण्याचे कारण नाही.

या समृद्ध वारशाच्या तुलनेत प्रत्यक्षातील शिक्षण पुष्कळदा अरुंद होते. मुंबई, पुणे आणि गोवा येथील अनेक विद्यार्थी लंडनस्थित परीक्षा मंडळांच्या श्रेणी-परीक्षा देतात. या परीक्षांमुळे शिक्षणाला शिस्त आणि दिशा मिळते हे खरे. परंतु प्रचलित प्रात्यक्षिक परीक्षेत साधारणपणे तीनच रचना वाजवायच्या असल्याने वर्षभर त्याच तीन रचना घोटल्या जाण्याचा धोका असतो. असा विद्यार्थी श्रेणीने वर चढतो, पण नवी स्वरलिपी समोर आली की अडखळतो, कारण वाचनाचा सराव नवनव्या रचना हाताखालून गेल्यानेच होतो.

म्हणून शिक्षकांनी परीक्षेच्या रचनांच्या जोडीला, आठवडा-दोन आठवड्यांत बसतील अशा वेगवेगळ्या काळांतील छोट्या रचना सातत्याने द्याव्यात आणि त्यांतील एखादी तरी निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याला द्यावा. पालकांनीही मुलाने कोणती श्रेणी पार केली हे विचारण्याऐवजी या महिन्यात त्याने कोणते नवे संगीत वाजवले, हे विचारावे.