रिकामी बाटली पुढे कुठे जाते?

उर्से टोलनाक्यावर गाड्या थांबतात आणि पाणी पिऊन झालेली बाटली खिडकीतून बाहेर पडते. ती उचलणारे हात पुष्कळदा आपल्याच आयाबहिणींचे असतात. भंगारच्या दुकानापुढे तिचे काय होते हे कळले, तर भावही मागता येतो आणि हातही जपता येतात.

पाण्याच्या बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. हे पेट प्लास्टिक. झाकण मात्र वेगळ्या प्लास्टिकचे. कारखान्यात बाटल्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात टाकतात. पेट जड, ते बुडते. झाकणाचे तुकडे तरंगतात, ते वरून काढून घेतात. मग गरम पाणी व कॉस्टिक सोड्याने गोंद आणि चिकटा धुतात. माल अगदी कोरडा वाळवतात, कारण ओल राहिली तर वितळताना तो कमजोर होतो. साधारण २६० अंशांच्या वर वितळवून, शेवेच्या सोऱ्यासारख्या पण फार बारीक छिद्रांतून दाबला की धागा निघतो. उशी-रजईत भरायचा कृत्रिम कापूस, पॉलिस्टरचे कापड, गालिचे यातूनच होतात.

यात पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी तापल्यावर आम्ल सुटते आणि घाणा बिघडतो. म्हणजे निवडणे हेच खरे कसब, आणि ते आपल्या बाया बिनपगारी करतात! पारदर्शक, रिकाम्या बाटल्या वेगळ्या ठेवा. मिसळलेल्या मालाला भाव कमीच. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य दलित बायका. संघटित झाल्या म्हणून ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ संस्थेमार्फत महापालिकेशी करार झाला.

आता आमच्या नर्सिंगच्या नजरेतून. रस्त्याकडेच्या पिवळ्या पाण्याच्या बाटलीत बहुधा लघवी असते. ती तोंडाजवळ धरून उघडू नका. हातमोजे, बूट घालाच. कापले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. सुई टोचली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितके बरे.

चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नका, तो धूर लेकरांच्या छातीत जातो. पाण्याच्या बाटलीत फिनेल किंवा रॉकेल तर कधीच भरू नका. तहानलेले पोर बाटलीचा आकार ओळखते, आतले ओळखत नाही.