ए-फोर कागदातली करणी

नाशिकमधल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातून एक ए-फोर कागद घ्या. रुंदी २१० मिलिमीटर, लांबी २९७. सरळ ३०० का नाही? याचे उत्तर नववीच्या बीजगणितातल्या करणीत आहे. त्या करणीचा माग काढत गेले की वाट खानदेशातून फिरून पुन्हा नाशिकला, देवळालीत येते.

कागदाचा वरचा कोपरा असा दुमडा की आखूड कड लांब कडेवर नीट बसेल. जी तिरकी घडी पडते तो २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण, म्हणजे २१०√२. आता दुसऱ्या ए-फोरची लांब कड त्या घडीला लावून बघा. डोळ्याला फरक दिसत नाही, कारण २१०√२ म्हणजे २९६.९८.

लांबी रुंदीच्या √२ पट असेल तरच कागद मधोमध कापल्यावर दोन्ही तुकड्यांचा आकार मूळ कागदासारखाच राहतो. लिख्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने ही गोष्ट १७८६ च्या एका पत्रात लिहिली होती; १९२२ मध्ये जर्मनीने तिचेच प्रमाण ठरवले. सगळ्यांत मोठा ए-झिरो बरोबर एक चौरस मीटरचा. त्याची लांबी मीटरमध्ये २ चा १/४ वा घात, रुंदी २ चा −१/४ वा घात. गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, म्हणून क्षेत्रफळ २ चा शून्यावा घात, म्हणजे १. मग एकेक काप घेतला की घातांक १/२ ने उतरतो. ए-फोरपर्यंत चार काप, म्हणजे १/४ वजा २. लांबी २ चा −७/४ वा घात, साधारण २९७.३ मिलिमीटर, छापील मापात २९७. आठवीत अपूर्णांक घातांक पाहून ‘पाऊण वेळा गुणायचे तरी कसे’ म्हणून मुले बिचकतात. गुणण्याऐवजी कापण्याचा विचार केला तर अडत नाही: एका कापाचा घातांक १/२, आणि असे दोन काप मिळून एक. √२ × √२ = २ हे तेच.

करणी म्हटले की ज्यांना लिंबू आणि टाचण्या आठवतात, त्यांनी थोडे थांबावे. हा शब्द शुल्बसूत्रांतला. यज्ञवेदी दोरीने आखत, आणि दिलेल्या चौरसाच्या दुप्पट चौरस करून देणारी दोरी ती द्विकरणी. आपण दुमडलेल्या कागदावरची तिरकी घडी हीच ती. युरोपात √२ सारख्या संख्यांना लॅटिनमध्ये ‘बहिरी’ अशा अर्थाचे नाव पडले. मला आपले नाव अधिक आवडते. त्यात संख्या काहीतरी करते.

नाशिक रोडहून रेल्वेने मनमाड, नांदगाव मागे टाकले की चाळीसगाव. त्या तालुक्यातल्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (वाघावर बसून आलेला योगी नव्हे, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणिता’त करणींच्या सहा क्रियांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले पहिलेच उदाहरण २ आणि ८ या करणींच्या बेरजेचे.

√२ + √८ किती? वर्गात हमखास येणारे चुकीचे उत्तर √१०. गंमत अशी की भास्कराचार्यही आधी २ आणि ८ मिळवून १० च करतात. त्याला ते ‘महती’ म्हणतात. मग २ × ८ = १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८; ही ‘लघु’. महती अधिक लघु १८, म्हणून बेरीज √१८. महती वजा लघु २, म्हणून वजाबाकी √२. म्हणजे √१० लिहिणारा विद्यार्थी अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर गेलेला असतो. फक्त लघु विसरतो. आपले पुस्तक √८ चे २√२ करून ३√२ म्हणते, तेही √१८ च. ३ आणि ७ चे उदाहरणही तिथे आहे: गुणाकार २१, त्याला पूर्ण मूळ नाही, तेव्हा दोन्ही करणी वेगळ्याच ठेवायच्या. सजातीय आणि विजातीय करणींचा आजचा नियम दुसरा काय सांगतो?

आता देवळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) इथे १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले. त्यांच्या नावाच्या दुसऱ्या संख्या मुळांशी खेळतात. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळवा, ४५ परत. ५५ चा ३०२५, ९९ चा ९८०१, तिथेही तेच. ९९ नंतरची अशी संख्या कुठली, ते पाहायला झेरॉक्सवाल्याकडून आणलेला कागद पुन्हा हातात घ्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. हा निव्वळ योगायोग, २९७.३ मधले ते ०.३ मिलिमीटर सोडून दिले नसते तर तो घडलाही नसता.