भूत पडद्यावर, माणूस दवाखान्यात

भुताला घाबरायचे आणि त्यालाच हसायचे, ही गोडी महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ने आपल्याला लावली. तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो आणि मग लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अंगात शिरायला धडपडतो. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. भुतामागे माणसाचेच हात! तमिळमधल्या २०११ सालच्या ‘कांचना’तही भुताला भिणाऱ्या तरुणाच्याच अंगात भुते शिरतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतात.

पण सिनेमा संपला की दिवे लागतात. गावात तसे होत नाही. सावनेरकडचे संत्र्याचे गाव असो की कपाशीचे, घरातली सून एकाएकी घुमू लागली, असंबद्ध बोलू लागली, की कुणीतरी म्हणतेच, ‘बाहेरची बाधा आहे.’ मग दोरखंड, छडी, मिरचीची धुरी. मार भुताला नव्हे, सुनेला बसतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

फेफरे, मनावरचा ताण, तापातले बरळणे, या साऱ्यांवर औषधोपचार आहेत. आधी सावनेरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. गरज पडली तर नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

तेव्हा मंडळी, तात्या विंचूला खुशाल हसा. घरच्या माणसाला मात्र डॉक्टरकडे न्या.