शब्दकल्पतरूच्या गावात खोगीरभरती

प्राध्यापकाचे काम शिकविण्याचे, असा आपल्या घरांतून समज आहे. प्रत्यक्षात आम्हां अध्यापकांच्या संध्याकाळी तक्ते भरण्यात जातात. महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिच्यासाठी व्याख्यान असो वा वृक्षारोपण, सारे पुराव्यानिशी मांडावे लागते. छायाचित्र नसेल, तर कार्यक्रम झालाच नाही!

कागदांपेक्षाही जाच होतो तो त्यांतील इंग्रजीचा. 'होलिस्टिक', 'इनोव्हेटिव्ह', 'स्टेकहोल्डर' यांवाचून अहवालाचे पान हलत नाही. हे स्टेकहोल्डर कोण? विद्यार्थी आणि त्यांचे पालक. मग तसेच का लिहू नये?

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. कारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. प्रतिशब्द शोधायचा, तर अर्थ आधी ठरवावा लागतो. आम्ही हीच कसोटी सुचवितो. अहवालातील वाक्य घरी आईला मराठीत सांगून पाहावे. सांगता आले नाही, तर खुशाल खोडावे. तेवढा वेळ, शंका घेऊन दाराशी ताटकळणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येईल.