शिवाजीसागराखालचा खडक

‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या पानांवर ही बातमी दर काही महिन्यांनी येते. आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच असतो. अशीच बातमी वाचून एका वाचकाने विचारलं आहे : धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन हलते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ते खरं आहे का?

आधी वजनाचा हिशोब करून टाकू. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात सुमारे १०० टीएमसी पाणी मावतं. त्याचं वजन भरतं पावणेतीनशे कोटी टनांहून जास्त. आकडा ऐकून छाती दडपते. पण भूकंप वर होत नाही, खाली होतो. १०० मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब साधारण १० वातावरणांइतका असतो. कोयनेचे बहुतेक भूकंप १० किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात. त्यातली पाच किलोमीटरची खोली घेतली, तर तिथे वरच्या खडकाचाच भार १,३०० वातावरणांच्या घरात जातो. एवढ्या ओझ्याखाली असलेल्या खडकाला वरच्या दहाची मातब्बरी ती काय! शिवाय तलावाचं वजन खोल जाता जाता आजूबाजूला विभागलं जातं. म्हणजे नुसत्या वजनाने एवढा उत्पात होत नाही.

मग पाणी करतं काय? या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगाने मला पहिल्यांदा पटलं, तो भूकंपासाठी केलेलाच नव्हता. १९५९ साली किंग हबर्ट आणि विल्यम रूबी हे दोन अमेरिकी भूवैज्ञानिक एका जुन्या कोड्याशी झगडत होते. डोंगररांगांमध्ये खडकांचे अजस्र थर कित्येक किलोमीटर सरकून दुसऱ्या थरांवर चढून बसलेले दिसतात. एवढा मोठा थर मागून ढकलला तर सरकण्याआधी त्याचा चुराडा व्हायला हवा. तो अखंड कसा सरकला? त्यांनी बिअरचा रिकामा डबा थंडगार केला आणि उघडं तोंड खाली करून ओल्या काचेवर ठेवला. काच अगदी किंचित, जेमतेम एका अंशाने कललेली. एरवी एवढ्या उतारावर डबा हलण्याचं कारण नाही. पण खोलीच्या उबेने आतली हवा तापते, प्रसरण पावते, डब्याला आतून उचलून धरते, आणि डबा चालू लागतो! काचेच्या कडेबाहेर त्याचं तोंड थोडं आलं की हवा निसटते आणि तो जागच्या जागी थांबतो. ना डब्याचं वजन बदललं, ना काचेचा उतार. फक्त दोघांना एकमेकांवर घट्ट दाबून ठेवणारा जोर आतल्या दाबाने कमी केला.

खडकातल्या भेगेत हवेच्या जागी पाणी असतं. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि त्या घर्षणानेच भेग रोखून धरलेली असते. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते. मग सरकायच्या बेतात असलेली भेग सरकते.

निसर्गच हा प्रयोग करून दाखवील म्हणून वाट पाहिली असती तर पुराव्यासाठी किती थांबावं लागलं असतं कोण जाणे. तो माणसाने नकळत केला. अमेरिकेत डेन्व्हरजवळ रासायनिक शस्त्रांचा लष्करी कारखाना होता. तिथलं विषारी सांडपाणी टाकायचं कुठे, म्हणून ३,६७१ मीटर खोल विहीर खणली गेली आणि मार्च १९६२ पासून त्यात दाबाने पाणी सोडायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत आसपास जमीन हादरू लागली. १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने दर महिन्याला विहिरीत किती पाणी सोडलं आणि दर महिन्याला किती धक्के बसले, हे दोन आलेख एकाखाली एक मांडले. पाणी वाढलं तेव्हा धक्के वाढलेले, मधलं वर्षभर पाणी बंद होतं तेव्हा धक्के ओसरलेले. फेब्रुवारी १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबलं. तरीही सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ मध्ये बसले. कारण वाढलेला दाब खडकातून संथपणे दूरवर पसरत राहतो. वर तोटी बंद केली म्हणून खालचा दाब लगेच थांबत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कोयना धरणात १९६२ मध्ये पाणी साठायला लागलं आणि लवकरच परिसरातल्या लोकांना गडगडाटासह हादरे जाणवू लागले. दख्खनचं पठार म्हणजे पुरातन, निश्चल, भूकंपापासून सुरक्षित अशी त्या काळी भूशास्त्राची ठाम समजूत होती. पण खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी त्या समजुतीवर विसंबून न राहता कोयना खोऱ्यात यंत्रं बसवली आणि नोंदी घ्यायला सुरुवात केली. एस. के. गुहा आणि त्यांचे सहकारी गोसावी, पडाळे, मारवाडी यांनी शिवाजीसागर परिसरातल्या या हालचालींवर एक शोधनिबंध १९६६ साली रुडकीच्या भूकंप-अभियांत्रिकी परिषदेत मांडला. मोठ्या भूकंपाच्या एक वर्ष आधी! कोयनेची गोष्ट सांगताना आपण धरणापासून सुरुवात करतो, विध्वंसावर येतो आणि थेट जगभरच्या संशोधकांवर जातो. मधली ही खडकवासल्याची माणसं राहूनच जातात. यांच्या नोंदी नसत्या तर कोयनेच्या भूकंपाला आधीचा इतिहासच नसता, आणि इतिहास नसलेल्या भूकंपातून धरणाचा संबंध सिद्ध करता येत नाही. पाठ्यपुस्तकात त्यांच्यासाठी निदान एक परिच्छेद असायला हवा, असं मला फार वाटतं.

१३ सप्टेंबर १९६७ ला पाच रिश्टरच्या पुढचा धक्का बसला. मग ११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त झालं. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. वीजनिर्मिती बंद पडली आणि मुंबईची चाकं थांबली. जलाशयामुळे चाळवलेला एवढा मोठा भूकंप जगात आजवर दुसरा नोंदलेला नाही. चीनमधलं शिनफेंगजियांग, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्टा हे त्याच दशकातले त्याचे भाऊबंद. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी अशा जलाशयांची तुलना करून त्यांच्या भूकंपांतली समान लक्षणं मांडली. पाणी किती भरलं एवढंच पाहून भागत नाही. ते किती वेगाने चढलं आणि वरच्या पातळीवर किती काळ टिकलं, यालाही महत्त्व आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. भूकंपाची ऊर्जा पाण्याने आणलेली नव्हती. भारतीय भूखंड उत्तरेला रेटत राहतो, त्या रेट्याने खडकात ताण साठत जातो. कोयनेखालच्या भेगेत तो आधीच काठोकाठ भरला होता आणि पाणी निमित्त झालं. म्हणूनच महाराष्ट्रात शेकडो धरणं असूनही कोयनेसारखी दुसरी जागा त्यांत नाही. १९८५ पासून शेजारच्या वारणा धरणात पाणी साठू लागलं आणि १९९३-९४ मध्ये तिकडे पाच रिश्टरचे धक्के बसले, पण तेही याच दुखऱ्या पट्ट्यात. हा सारा पट्टा लांबी-रुंदीला २०-३० किलोमीटरचा. त्याच्या बाहेर धरण दिसलं की भूकंपाची भीती घालणारे लोक शास्त्राच्या नावावर अफवा विकतात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेरणेच्या धरणाकडे बोट दाखवलं गेलं, पण ते नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. ‘अमुक तारखेला मोठा भूकंप’ असे निरोप मोबाइलवर फिरतात, तेही याच पंक्तीतले. दिवस-वेळ सांगणारं भूकंपाचं भाकीत जगात कुणालाही जमलेलं नाही.

कोयनेत जमलं ते वेगळं आणि अधिक मोलाचं. धक्के बसत होते म्हणून धरणाच्या पायाजवळच्या बोगद्यात हादऱ्याचं त्वरण टिपणारं यंत्र बसवलेलं होतं. ११ डिसेंबरच्या पहाटे त्याने जे टिपलं, ते आज जगभरचे धरण-अभियंते वापरतात. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, तिला आडव्या, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट. आणि धरणाचं संकल्पचित्र करताना धरलेला जोर होता फक्त ०.०५ पट! १०३ मीटर उंचीचं ते धरण तरीही उभं राहिलं. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या आणि थोडं पाणी झिरपलं. भेगा बरोबर तिथेच का पडल्या, हे त्या नोंदीवरून गणिताने दाखवता आलं. धरणाला मागून भक्कम आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं आणि देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाही बदलला. नंतरच्या बातम्यांमधले ‘धरण सुरक्षित’ हे शब्द या कामाच्या जोरावर लिहिले जातात.

इतकं होऊनही खालचा खडक कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो पाहण्यासाठी कऱ्हाडला भूभौतिकी संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयनेजवळ गोठणे इथे डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आलं. वरचा काळा बेसॉल्ट सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. दोहोंमध्ये गाळाचा एकही थर नाही! लाव्हा वाहत आला तेव्हा इथे उघडा कातळ होता, हे छिद्रातून निघालेल्या नमुन्यांनी सांगितलं. भेग सरकते ती याच ग्रॅनाइटमध्ये. तिच्या जवळ यंत्रं ठेवून, हादऱ्याआधी तिथला दाब आणि तापमान कसं बदलतं हे ऐकायचं, अशी या साऱ्यामागची धडपड आहे. साठ वर्षं उलटून गेली तरी इथले धक्के का थांबत नाहीत, या प्रश्नाचा रस्ताही त्याच छिद्रातून जातो.

हे संशोधन पूर्ण होईपर्यंत माणसं जगवायची कशी, याचं उत्तर मात्र आपल्याला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा, म्हणजे कोयनेपेक्षा किंचित लहानच होता. तिथे जवळजवळ आठ हजार माणसं गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, लोक झोपलेले होते, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं. ते पेलणाऱ्या दगडमातीच्या भिंती चांगल्या जाड. बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे दगडी पदर आणि मध्ये खडी-मातीची भर. हादऱ्यात दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. अशा भिंतीत ठरावीक अंतराने दोन्ही अंगांना पोचणारा लांब दगड घातला, दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा ओतला आणि छपरावरची माती उतरवून हलकं छप्पर घातलं, तर ती ढासळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस बाहेर पडतो. सळई, सिमेंट आणि शहाणा गवंडी एवढ्यावर हे होतं. कोयनेच्या परिसरात, पाटण तालुक्यातल्या जुन्या घराला दुरुस्तीला हात घालाल, तेव्हा रंगाआधी त्या पट्ट्याचा खर्च धरा, आणि गवंड्याला तो चारही कोपऱ्यांत न तुटता वळवायला सांगा.