शिवोलीतले चार ट्रॅक

इंग्रजी पॉपमधल्या प्रयोगशील गिटारवाल्यांचा विषय निघाला की आपण थेट लंडन गाठतो. मला गोव्याच्या बार्देशातली शिवोली गाठायची आहे. १९८४ साली तिथल्या राहत्या घरात रेमो फर्नांडिसने ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम केला. शब्द, चाली, वाद्यं, सगळे आवाज, ध्वनिमुद्रण त्याचं. कॅसेटवरचं वेष्टनसुद्धा त्याचंच.

हाताशी होता पोर्टास्टुडिओ. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९मध्ये आणलेलं हे यंत्र साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करी. ठेका, बेस आणि गिटार तीन ट्रॅकवर घ्यायचे, एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, की आधीचे तीन पुन्हा मोकळे. गोम अशी की एकदा उतरवल्यावर नुसता ठेका कमी-जास्त करता येत नाही, आणि दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. त्यामुळे पहिली तार छेडण्याआधी अख्खं गाणं डोक्यात उभं हवं. रेमो मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकलेला. ती इथे कामी आली असणार, हा आपला माझा तर्क.

त्याच सुमारास इंग्लंडात, स्विंडन या रेल्वे कारखान्याच्या गावी, ‘एक्सटीसी’ या बँडचा ॲन्डी पार्ट्रिजही घर धरून बसला होता. १९८२मध्ये त्याने जाहीर कार्यक्रमांचे दौरे थांबवले ते थांबवलेच. पण त्याच्या पाठीशी व्हर्जिन रेकॉर्ड्स होती. १९८६च्या ‘स्कायलार्किंग’ या अल्बमसाठी टॉड रंडग्रेनसारखा निर्माता मिळाला. रेमोला मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांनी वाटेला लावलं: इथल्या माणसाने लिहिलेली इंग्रजी गाणी कोण घेणार? मग तो स्कूटरवरून स्वतःच गोव्यातल्या दुकानांत कॅसेटी पोचवू लागला.

त्या खपल्या, कारण भाषा इंग्रजी असली तरी टवाळी अस्सल गोव्याची होती. १९८५मध्ये ‘ओल्ड गोवन गोल्ड’मधून त्याने जुनी गोवन गाणी नव्याने बांधली. मग सीबीएस या रेकॉर्ड कंपनीला जाग आली आणि १९८६मध्ये गर्दच्या विरोधातला ‘पॅक दॅट स्मॅक’ देशभर गेला. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले तेव्हा त्यांच्यासमोरच ‘हॅलो राजीव गांधी’ म्हणत त्याने गोव्याची गाऱ्हाणी गायली. पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून केवढा गहजब! रेमोने दिल्लीला पत्र लिहिलं. आम्हाला कार्यक्रम आवडला, असं राजीवजींचं उत्तर आलं. विषय मिटला.

आमच्या कन्हानला, कोळशाच्या खाणी आणि रामटेकचा फाटा असलेल्या या गावाला, रेमो यातल्या कशामुळेही ठाऊक नाही. इथे तो पोचला सिनेमातून: ‘जलवा’ (१९८७), मग ‘बॉम्बे’तलं ‘हम्मा हम्मा’ (१९९५). ‘हम्मा’ची चाल रेहमानची, त्यानेच गायलेल्या ‘प्यार तो होना ही था’ची जतिन-ललितची. आम्ही आवाज ओळखत होतो, गीतकार-संगीतकार नाही. २००७ची पद्मश्रीही इथल्या बहुतेकांनी ‘हम्मा’वाल्याची म्हणूनच वाचली असेल.

त्याची स्वतःची गाणी हिंदीत आली ती १९९८च्या ‘ओ मेरी मुन्नी’तून. अल्बम गाजला, पण मला तो डावा वाटतो. स्टुडिओत आता हवे तेवढे ट्रॅक मिळत होते, आणि ते सगळेच्या सगळे भरलेले ऐकू येतात.