इंग्रजी घोडेस्वारी : बैठक आणि भार

घोडेस्वारीवर बोलायला कामगार संघटनेतल्या माणसाला कशाला बोलावले, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. इंग्रजी पद्धतीची घोडेस्वारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट, चकचकीत बूट आणि ताठ मानेचा साहेब उभा राहतो. परंतु या विद्येचे सार त्या कोटात नाही. एका जिवाने दुसऱ्या जिवाकडून काम घ्यायचे, तर त्याच्या पाठीवर भार कुठे ठेवावा आणि कसा ठेवावा, हा तिचा मूळ प्रश्न आहे. आणि तो प्रश्न आम्हाला चांगला ओळखीचा आहे.

प्रथम खोगीर पाहू. अमेरिकेतल्या गुराख्याचे खोगीर मोठे आणि जड असते. पुढे एक शिंग असते. फास टाकून धरलेल्या जनावराचा दोर त्याला गुंडाळायचा. दोरासाठी एक हात मोकळा हवा, म्हणून तो लगाम एकाच हातात धरतो. इंग्रजी खोगीर त्यामानाने लहान, हलके व बरेच सपाट. स्वाराची मांडी आणि घोड्याचे अंग यांत कमीत कमी चामडे असावे, हा त्यातला हेतू. खोगिराखाली दोन लांबट गाद्या असतात. त्यांत परंपरेने लोकर भरतात आणि दोहोंच्या मध्ये, कण्याच्या रेषेवर, मोकळी पन्हळ सोडतात. भार कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा, यासाठी ही योजना. आपण टाकाऊ मालाला खोगीरभरती म्हणतो. पण ही भरती एका अंगाला दबली, की घोड्याची पाठ सोलून निघते. कोणत्याही मोतद्दाराला विचारून पाहावे.

खोगीर असे सपाट का झाले, त्यामागे एक इतिहास आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणे घातली. गोरगरिबांची चराई गेली. कोल्ह्यामागे घोडा घालणाऱ्या जमीनदाराची अडचण मात्र एवढीच, की आता वाटेत कुंपणे आली आणि ती उडी मारून ओलांडणे भाग पडले. खोगिराचा पुढचा उंच भाग उडीत पोटाला लागतो, म्हणून तो खाली आला. उडीची बैठक मात्र इंग्रजांची नव्हे. पूर्वी स्वार उडी मारताना मागे रेलत. घोड्याच्या तोंडाला हिसका बसे आणि पाठीवर आदळ होई. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या घोडदळातील कॅप्टन फेदेरिको काप्रिल्ली याने रिकिबी आखूड केल्या, स्वाराला पुढे झुकवले आणि घोड्याची मान मोकळी सोडली. आज जगभर उडीची तीच रीत चालते.

लगाम इथे दोन्ही हातांत धरायचा. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदातांची जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, नुसत्या हिरडीवर टेकते. म्हणून लगाम ताणून धरायचा नाही आणि लोंबताही सोडायचा नाही; तोंडाचा हलका स्पर्श हाताला कळत राहिला पाहिजे. शिवाय घोड्याला सांगायचे ते आधी बैठकीने आणि पोटऱ्यांनी, मग हातांनी. चाबूक त्यानंतर.

नवशिक्याची खरी परीक्षा दुडकीत होते. दुडकीत घोडा तिरक्या जोडीचे पाय एकदम टाकतो : उजवा पुढचा आणि डावा मागचा, मग दुसरी जोडी. दर ठोक्याला स्वार उसळतो. यावर उपाय असा, की एका ठोक्याला किंचित उठायचे आणि दुसऱ्याला अलगद बसायचे. याला इंग्रजीत ‘पोस्टिंग’ असेही म्हणतात. हे नाव साहेबावरून पडलेले नाही; डाकेच्या गाडीला जुंपलेल्या घोड्यावर बसून ती गाडी हाकणाऱ्या नोकर पोऱ्यांवरून पडले. मैलोगणती दुडकीत आपली कंबर आणि घोड्याची पाठ सांभाळायची, तर त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

यात एक बारकावा आहे. रिंगणात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जातो तेव्हा उठायचे. दिशा बदलली की उठण्याची जोडीही बदलायची, आणि लांबच्या सरळ वाटेवर ती अधूनमधून मुद्दाम बदलायची. नाहीतर प्रत्येक वेळी त्याच एका जोडीवर बसणे होते आणि घोडा एकांगी थकतो. कारखान्यात पाळ्या का बदलतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बैठक चांगली की वाईट, हे घोड्याला कळते. हुद्दा त्याला कळत नाही. ऑलिंपिकच्या नियमांना मात्र तो कळत असे. घोडा अगदी सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवून दाखवायचा, अशी ड्रेसाज नावाची स्पर्धा असते. १९४८ साली लंडनला स्वीडनच्या तिघांनी तिचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्यांपैकी गेनेल पेर्सन हा मुळात सार्जंट. सैन्यातला स्वार असेल तर तो अधिकारीच हवा, असा तेव्हा नियम होता, म्हणून स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती दिली होती आणि नंतर काढून घेतली. ते उघडकीस आल्यावर १९४९ मध्ये संघाचे पदक रद्द होऊन फ्रान्सकडे गेले. त्याच्या बैठकीत कोणी दोष काढला नव्हता. पुढे नियम बदलला. १९५२ साली हेलसिंकीला सार्जंटांना प्रवेश मिळाला, आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी तिथे वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. सांघिक सुवर्णपदक पेर्सन आणि त्याच्या त्याच दोन सोबत्यांनी घेतले, आणि १९५६ साली स्टॉकहोमला पुन्हा घेतले.